रस्त्याआधी मोरीची पातळी ठरवा



येत्या ग्रामसभेत आपल्या वाड्याच्या रस्त्याचा विषय आहे. वरच्या तिठ्यापासून खाली धक्क्यापर्यंत सगळा रस्ता काँक्रीटचा होणार, दोन्ही बाजूंना आरसीसी गटार, गटारावर स्लॅब. चवथीआधी सोसायटीतर्फे पाठिंब्याचं पत्र पंचायतीकडे गेलं. त्यावर माझीही सही आहे. पत्र फिरत फिरत माझ्याकडे आलं तेव्हा मी इंजिन उघडून बसलो होतो, हात काळे. न वाचता सही केली. नंतर एस्टिमेटची आणि नकाशाची प्रत मागून घेतली, दोन रात्री बसून पाहिली, आणि तेव्हापासून ती सही मला टोचतेय. म्हणून हे लिहितोय.

आधीच सांगून टाकतो, रस्ता नको असं माझं म्हणणं नाही. मागच्या रविवारी सोसायटीच्या पायरीवर विषय काढला तर दोघांनी लगेच ‘झालं, आला आडवा’ म्हटलं. आडवा आलेलो नाही. बर्फाची गाडी त्या वळणावर कशी डोलते ते मीही रोज बघतो. मासळीच्या गाड्यांतून पाणी सांडतं, डांबर सुटतं, मार्चात हॉटमिक्सिंग झालं की नारळी पुनवेपर्यंत परत खड्डे. ट्रॉलरवाले म्हणतात की काँक्रीट एकदा नीट केलं तर पुष्कळ वर्षं बघायला नको. खरं आहे. पण रस्ता किती वर्षं टिकेल हा एक प्रश्न, आणि त्या रस्त्यावर पडलेलं पाणी कुठे जाईल हा दुसरा. आपल्या पत्रात पहिल्याचंच उत्तर आहे.

यंदाचा आषाढ आठवा. बंदी चालू होती, होड्या वर ओढलेल्या, माणसं घरी. अवसेच्या दिवशी पहाटेपासून पाऊस धरून होता. साडेअकराच्या सुमारास खालच्या घरांतून ओरडा झाला म्हणून धावत गेलो. डोंगराकडून पाणी येत होतंच, पण घरात शिरलेलं पाणी त्या बाजूचं नव्हतं. ते गटाराच्या तोंडातून उलटं वर चढत होतं. थर्माकोलचा एक तुकडा धक्क्याकडून निघाला आणि गटारातून सावकाश वरच्या दिशेला चालत काकीच्या दारापर्यंत आला. मी उभा राहून बघत होतो. काकीने पुरुमेताचे सुके बांगडे आणि सुंगटं माळ्यावर ठेवली होती म्हणून वाचली, तांदळाचं पोतं खाली होतं ते गेलं. पलीकडच्या भाड्याच्या खोल्यांत बंदीतही गावी न गेलेले तिघे खलाशी होते, ते अंथरुणं डोक्यावर घेऊन उभे. दीड-दोनच्या सुमारास सुकतीने ओढ घेतली आणि पाणी जसं आलं तसं निघून गेलं. आणि पाऊस? पाऊस तेव्हाही तेवढाच पडत होता.

हे नीट ध्यानात घ्या, कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. पाऊस तोच, गटार तेच, गटारातला कचराही तोच. बदललं फक्त नदीचं पाणी. आपल्या वाड्याचं पावसाचं पाणी मांडवीत जायचं तर मांडवीने जागा द्यायला हवी, आणि ती दिवसातून दोनदा नाही म्हणते.

कधी नाही म्हणते ते आपल्याला कुणी शिकवायला नको. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं पुढे. उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास वरखाली होतं, भांगाला त्याहून पुष्कळ कमी. पावसाळ्यात वरून नदीचा लोंढा येतो, त्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे पंचांगात दिसतं त्याहून पाणी जरा वरच थांबतं. आपल्या मोरीचं तोंड उधाणाला दोन-अडीच तास पूर्ण बुडालेलं असतं. त्या दोन-अडीच तासांत गटार हे गटार नसतं, नदीचा एक फाटा असतो.

आता त्या वेळात पाऊस पडला तर काय होतं याचा हिशोब करून बघा. एका हेक्टरवर एक इंच पाऊस पडला की अडीच लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचा टँकर धरा, पंचवीस टँकर. आणि आपल्या मोरीवर नुसता खालचा वाडा नाही, वरचा सगळा उतार येतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे १२० इंच, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत तासाला इंचभर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही. एवढे टँकर बंद दारासमोर येऊन उभे राहिले तर ते जाणार कुठे? सगळ्यात खालच्या घरात.

नकाशात हे कुठेच नाही. गटाराची रुंदी आहे, खोली आहे, लोखंड किती ते आहे, स्लॅबची जाडी आहे. धक्क्याजवळ गटार नदीला मिळतं तिथे नुसता एक बाण काढलाय आणि लिहिलंय ‘विसर्ग’. त्या बाणाची पातळी काय, उधाणाच्या पाण्याची पातळी काय, दोन्हींत अंतर किती, एक आकडा नाही. पाहणी करणाऱ्यांना दोष देत नाही मी. ते आले फेब्रुवारीत, दुपारी, सुकती होती. गटार कोरडं ठाक. पुरुष माणसं दर्यावर, बायका बाजारात. विचारणार कुणाला? आपल्याकडे रस्त्याची कामं ऑक्टोबर ते मे, आणि त्याच महिन्यांत आपण घरी नसतो. जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या बंदीत आपण घरी असतो, पाणी डोळ्यांनी बघतो, आणि त्या वेळी ऑफिसातून कुणी फिरकत नाही. ज्यांना माहीत आहे आणि जे आराखडा करतात त्यांची वर्षातून एकदाही गाठ पडत नाही, अशी ही गंमत आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. इथे आपलीही चूक होऊ शकते म्हणून सांगतो. भरतीच्या तक्त्यातला शून्य आणि इंजिनिअरच्या नकाशातला शून्य एक नसतात. तक्त्यातला शून्य हा जवळजवळ सगळ्यात खोल ओहोटीचा, नकाशावरच्या पातळ्या सरासरी समुद्रसपाटीपासूनच्या. दोन्हींत मीटरभराहून जास्त फरक पडतो. उद्या ग्रामसभेत कुणी उठून ‘भरती सव्वादोन मीटर येते आणि मोरी दीड मीटरवर आहे’ असं म्हणाला आणि दोन आकडे दोन वेगळ्या शून्यांवरचे निघाले, तर समोरचा हसेल आणि विषय तिथेच संपेल. त्यापेक्षा सोपं काम करू. धक्क्याच्या चिऱ्यावर उधाणाच्या पाण्याची खूण करायची, आणि सर्व्हेअरला म्हणायचं की तुमचं मशीन या खुणेवर लाव आणि तुमच्याच भाषेत आकडा सांग. मग वाद नाही.

आता रस्त्याच्या उंचीकडे येतो. आमच्या आजीच्या वेळी रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून घरात जायचं. मी लहान असताना दोन होत्या. आता रस्त्यावरून घरात उतरावं लागतं, अर्धी पायरी. घर खचलेलं नाही. दर हॉटमिक्सिंगला इंच-दीड इंच, कधी दोन इंच थर जुन्यावर चढत गेला, खरवडला कुणी नाही. आता त्यावर काँक्रीट. नुसता स्लॅबच साधारण २० सेंटिमीटरचा असतो, खाली बैठक वेगळी. एस्टिमेटमध्ये जुना रस्ता उखडून खाली नेण्याची बाब मला सापडली नाही. कुणाला सापडली तर दाखवा, मी इथेच चूक कबूल करेन. नसेल तर नदीच्या बाजूची सात घरं आणि त्यामागच्या खोल्या नव्या रस्त्याच्या मानाने गुडघाभर खाली जातील. रस्ता सुका राहील, गाड्या जातील, फोटो चांगला येईल. आणि पाण्याला बांध कसला लागेल, तर आपल्याच रस्त्याचा. नदीकडून आलेलं पाणी पूर्वी रस्त्यावर पसरून तरी जायचं, आता घरांतच थांबेल.

त्या खोल्यांतल्या लोकांबद्दल एक वाक्य लिहितो, कुणाला लागलं तर लागू दे. ओडिशा, झारखंड, आंध्र, कर्नाटकातून आलेली ही मुलं आपल्या बोटी चालवतात. ग्रामसभेत त्यांना मत नाही. सगळ्यात खालच्या खोल्या त्यांच्याच, आणि भाडं आपण घेतो.

वाड्यात या कामाबद्दल एकच मत नाही, आणि ते साहजिक आहे. ट्रॉलरवाल्यांना रुंद आणि घट्ट रस्ता हवा, ऑगस्टात पहिल्या मासळीला गाड्या अडकल्या की दराचं नुकसान त्यांचंच होतं. मासळी विकणाऱ्या बायकांना गटारावर स्लॅब हवाच आहे. एकीने मला स्पष्ट सांगितलं, ‘तुझी भरती तुझ्याकडे ठेव, माझी नात गेल्या वर्षी त्या गटारात पडली होती.’ यावर मी काय बोलणार? तिचं खरंच आहे. वरच्या बाजूच्या घरांना पाण्याचा त्रास नाही, त्यांना धूळ आणि काम किती महिने चालणार याची काळजी. पलीकडच्या काठावर लोकांनी काय भोगलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

पणजीचं उदाहरण म्हणूनच घ्या. २०१६ साली शहर स्मार्ट सिटी योजनेत आलं. पुढे रस्ते खोदले गेले, धुळीचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं, २०२४ साली न्यायमूर्ती स्वतः फिरून कामं बघून आले. एवढी खोदाई होऊनही जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की १८ जून रस्त्यावर आणि माळ्याच्या बाजूला पाणी साचतं, दर पावसाळ्यात पेपरात फोटो असतोच. शहराचं पाणी सांतिनेजच्या आणि रुआ द ओरेमच्या खाडीतून मांडवीत उतरतं, आणि या दोन्ही खाड्यांत भरती शिरते. वरचा रस्ता कितीही गुळगुळीत केला तरी पाण्याने शेवटी ज्या दारातून जायचं ते दार तेच. आपल्याकडे पैसा त्याच्या शतांशही नाही, तेव्हा आपण तरी दारापासून सुरुवात करावी.

आणि दार कसं करायचं ते आपल्या पूर्वजांना पोर्तुगीज यायच्या आधीपासून ठाऊक होतं. खाजनाची मानस आठवा. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी मानशीवर पागेर टाकलाय. लाकडाची दारं, वरून टांगलेली. भरतीचं पाणी आलं की त्याच दाबाने बंद, सुकती लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडी. वीज नको, माणूस उभा नको. खारं पाणी शेतात नको आणि पावसाचं पाणी नदीत जायला हवं, दोन्ही कामं एकच दार करत होतं. आज तेच दार लोखंडाचं, रबराचं, प्लास्टिकचं तयार मिळतं, मोरीच्या तोंडावर बोल्टने बसवायचं. केंद्र सरकारने २०१९ साली पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचं मॅन्युअल काढलं, इंडियन रोड्स काँग्रेसचं शहरी निचऱ्याचं एसपी ५० त्याच्याही आधीचं. म्हणजे आम्ही काही जगावेगळं मागतोय असं नाही.

पण नुसतं दार लावून भागत नाही, आणि मानशीचा अर्धा धडा आपण विसरतो. दार बंद असताना आतलं पाणी कुठे थांबायचं? खाजनात त्यासाठी मानशीच्या आत पोंय असायची, खोलगट पाण्याची जागा. दोन-अडीच तास पाऊस तिथे साठायचा, सुकतीला बाहेर. दार आहे आणि पोंय नाही, तर नदीचं पाणी येणार नाही पण पावसाचं पाणी घरात उभं राहील. पाय ओले व्हायचे ते होतीलच.

आपल्या वाड्याला अशी पोंय आहे. सोसायटीच्या मागची खोलगट जागा, जिथे आपण जुनी जाळी टाकतो आणि पावसाळ्यात बेडकं ओरडतात. हीच जागा या एस्टिमेटमध्ये ‘सपाटीकरण’ म्हणून आहे. मातीचा भराव घालून गाड्यांसाठी पार्किंग. ही मागणी पंचायतीची नाही, आपली आहे, आपल्याच पत्रात तिसऱ्या कलमात आहे. मी सही केली तेव्हा हे कलम तिथे होतं आणि मी वाचलं नव्हतं.

इथे ट्रॉलरवाल्या मित्रांशी माझं खरं भांडण आहे, म्हणून जरा सविस्तर बोलतो. तुमची अडचण मला कळते. ऑगस्टात सकाळी सहा-सात गाड्या रांगेत उभ्या असतात, बर्फ वितळतो, रुग्णवाहिका आली तर जागा नाही. पार्किंग हवं. पण ती सगळी जागा भरली तर जुलैच्या अवसेचं पाणी नक्की कुठे जाईल ते मी वर लिहिलंय. माझी सूचना अशी: वरच्या बाजूचा निम्मा भाग, तिठ्याकडचा, जो तसाही उंच आहे, तो भरा. गाड्या तिथे लावा. खालचा निम्मा तसाच ठेवा, उलट दोन फूट आणखी खोल करा, कडेने चिरे लावा, गटार त्यात उतरवा आणि तिथून मोरीला जोडा. कोरड्या दिवसांत तिथे जाळी वाळत घालता येतील. जुनी जाळी मात्र तिथे टाकायची नाहीत. किती खोल, किती मोठी, हे इंजिनिअरने पावसाच्या हिशोबाने ठरवावं, मी डोळ्याने सांगणार नाही.

वरच्या पाण्याबद्दल थोडक्यात. डोंगरावर गेल्या काही वर्षांत बांधकामं झाली, जांभा कापला, अंगणं फरशीने बंद झाली. पूर्वी जे पाणी जमीन पिऊन टाकायची ते आता पाच मिनिटांत खाली. ते पाणी आपल्या गटारात आणायचंच कशाला? वरचं पाणी उंचावर असतं, त्याच्यात जोर असतो, भरतीतही ते नदीत घुसू शकतं. तिठ्यावरच ते अडवून जुन्या व्हाळाकडे वळवलं तर खालच्या मोरीवरचा भार निम्मा होईल. व्हाळाचं तोंड एका ठिकाणी भिंतीने बुजवलंय. कुणी ते सगळ्यांना माहीत आहे आणि ती व्यक्ती हे वाचणार आहे. भाऊ, भांडण नको, पण भिंतीला खाली मोरीएवढं भोक पाड, एवढंच.

आता आपल्या घरचं. जुलैत गटार साफ केलं तेव्हा मी खाली उतरलो होतो. काय निघालं? नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे, दोऱ्या, थर्माकोलच्या पेट्या, बर्फाच्या गोण्या, एक हातमोजा. प्लास्टिकची बाटली एकटी आली तर वाहून जाते. जाळ्याचा तुकडा आला की तो जाळीला अडकतो आणि मागून येणारं सगळं धरून ठेवतो, अर्ध्या तासात बांध तयार. जाळं शिवताना कापलेला तुकडा गटाराच्या कडेला टाकणारे आपणच. काकीच्या दारात आलेला तो थर्माकोलही कुठल्या ना कुठल्या आपल्याच बोटीचा. शिवाय तीन-चार घरांच्या संडासाचे पाइप पावसाच्या गटारात सोडलेत. तेच पाणी घरात उलटं येतं, त्यात उंदीर, आणि लेप्टोच्या तापाची भीती वेगळी. उघड्या जखमेने त्या पाण्यात उतरू नका, हे डॉक्टर दरवर्षी सांगतात आणि आपल्यातल्या कुणाच्या हातापायाला जखम नसते ते दाखवा.

सोसायटीने धक्क्यावर दोन पिंप ठेवावीत, एक जाळ्याच्या तुकड्यांसाठी, एक थर्माकोलसाठी. बोटीला बर्फ देताना रिकामी पेटी परत आणली की नाही ते बघावं. ठराव कशाला हवा याला?

स्लॅबबद्दल माझं मत त्या आजीनंतर बदललं. मी आधी उघडं गटार ठेवा म्हणत होतो. आता म्हणतो, स्लॅब घाला, पण उचलता येईल असा. दोन माणसांनी पहारीने उचलला जाईल एवढ्या वजनाचे तुकडे, मध्ये ठरावीक अंतरावर लोखंडी जाळी, म्हणजे रस्त्यावरचं पाणी आत जाईल आणि आतला गाळ दिसेल. अख्खा सलग ओतलेला स्लॅब झाला तर दोन वर्षांत आत गाळ भरेल आणि तो काढायला फोडावा लागेल. मेमध्ये साफ करताना काढलेला गाळ कडेलाच ढीग करून ठेवतात आणि पहिल्या पावसात तो परत आत जातो, हेही बंद व्हायला हवं. काढला त्याच दिवशी उचलला गेला तरच बिल द्या, असं वर्क ऑर्डरमध्ये लिहून घेता येतं.

तेव्हा मला पत्र मागे घ्यायचं नाही, दुरुस्त करायचं आहे. पाठिंबा ठेवू. पण त्यात लिहू की जुना थर उखडूनच नवा रस्ता घाला आणि तयार रस्त्याची पातळी खालच्या सात घरांच्या जोत्याच्या खाली राहील हे नकाशावर आकड्यात दाखवा. रस्त्याला दोन टक्के उतार द्या आणि तो घरांकडे नको, गटाराकडे. मोरीच्या तोंडावर झडपेचं दार, त्याला गंजणार नाही असं साहित्य, आणि ते दर अवसे-पुनवेला उघडबंद होतं का हे बघायची जबाबदारी कुणाची ते नावानिशी. ही जबाबदारी सोसायटीने घ्यावी असं मला वाटतं, कारण पाणी आपल्याला कळतं आणि आपण रोज तिथे असतो. सपाटीकरणाच्या कलमात ‘निम्मी जागा’ असा बदल. आणि क्रम: आधी मोरी आणि पोंय, मग गटार खालून वर, शेवटी रस्ता. उलट्या क्रमाने केलं, रस्ता आधी झाला आणि मे संपला, तर मोरी पुढच्या वर्षावर जाईल. पुढचं वर्ष म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

कुणी म्हणेल यात काम लांबेल, निधी परत जाईल. ही भीती खोटी नाही, मार्च संपला की पैसे परत जातात हे मी पाहिलंय. पण आत्ता ऑक्टोबर आहे. पातळ्या मोजायला सर्व्हेअरला एक सकाळ लागते. नकाशात दुरुस्ती करायला आठवडा. आणि दार आणि पोंय यांचा खर्च सलग स्लॅबच्या आणि भरावाच्या बचतीतून बराचसा निघेल असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, हिशोब त्यांनी करावा. करून दाखवला आणि मी चुकीचा निघालो तरी चालेल, निदान हिशोब तरी होईल.

ग्रामसभेला महिला सभासदांनी जरूर यावं, बाजार एका दिवसासाठी तासभर उशिरा झाला तरी चालेल. पाणी घरात कुठपर्यंत आलं होतं हे भिंतीवरच्या खुणेसकट तुम्हीच सांगू शकता. आपण पुरुष नुसते ‘गेल्या वर्षी लई पाणी’ एवढंच बोलतो. जे बोलाल ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा आणि सभा संपायच्या आधी वाचून दाखवायला लावा.

कोजागिरी ग्रामसभेच्या आधी येतेय. त्या दिवशी सव्वाअकरा-साडेअकराच्या सुमारास उधाणाची भरती पूर्ण असेल. मी धक्क्यावर मोरीपाशी असेन, रंगाचा डबा, ब्रश आणि मोजपट्टी घेऊन. पाणी चढेल तिथे चिऱ्यावर लाल रेघ मारायची आणि तिथून सातही घरांच्या उंबरठ्यापर्यंत प्लास्टिकच्या नळीने पातळी धरायची, गवंडी धरतात तशी. नळी माझ्याकडे वीस मीटरच आहे. कुणाकडे जास्त लांब असेल तर घेऊन या.